बँकेआधी ईमेलला कुलूप लावा: नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नवा फोन घेतला की दुकानदार काउंटरवरूनच विचारतो, "जीमेल आहे का? नाही? थांबा, काढून देतो." पाच मिनिटांत खातं तयार होतं, प्ले स्टोअर चालू होतं, व्हॉट्सअ‍ॅप येतं आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. पासवर्ड काय टाकला, रिकव्हरीला कुणाचा नंबर दिला, हे विचारायचं कुणाच्या लक्षातही येत नाही. पुढे तोच पत्ता बँकेत नोंदवला जातो, पॅनला जोडला जातो. डिजिलॉकर, म्युच्युअल फंड, रेल्वेचं तिकीट, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, सगळीकडे तोच.

बँकेच्या पिनची काळजी घेणारी माणसं ईमेलकडे मात्र फुकटची वस्तू म्हणून बघतात. खरं तर उलट हवं. बहुतेक ठिकाणी 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक मेलवरच येते. बँका मोबाइलवर ओटीपी मागतात हे खरं, पण बाकीच्या डझनभर खात्यांची वाट तुमच्या मेलमधून जाते. शिवाय मेलमध्ये कागदपत्रं पडलेली असतात. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. ज्याच्या हाती तुमचा मेल लागला त्याला या दोन्ही गोष्टी तिथेच सापडतात. म्हणून सुरक्षेचं काम ईमेलपासून सुरू करायचं.

खाली सगळं जीमेल धरून लिहिलं आहे, कारण अँड्रॉइडमुळे आपल्याकडे बहुतेकांचं खातं तिथेच असतं. आउटलुक किंवा याहू असेल तर याच सोयी थोड्या वेगळ्या नावांनी मिळतील. एक मोकळी दुपार काढा. फोन, कागद आणि पेन घेऊन बसा. एका कामाला कॉम्प्युटर लागेल, तो शेजाऱ्याचा नको, घरातला किंवा मुलाचा असावा.

१. खातं नेमकं कुणाच्या ताब्यात आहे ते बघा

जीमेल उघडा, उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर बोट ठेवा. फोनवर किती खाती आहेत ते दिसेल. अनेकांच्या फोनमध्ये दोन-तीन निघतात: एक दुकानदाराने काढलेलं, एक भाच्याने, एक ऑफिसचं. बँकेत आणि पॅनला कोणतं दिलं आहे ते शोधा आणि आज फक्त त्याच खात्यावर काम करा.

आता 'मॅनेज युवर गूगल अकाउंट' मध्ये जा. फोन मराठीत असेल तर हेच 'तुमचे गूगल खाते व्यवस्थापित करा' असं दिसतं. तिथे सुरक्षेचा भाग आहे, त्यात रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल अशा दोन ओळी आहेत. या दोन ओळींसाठी एवढा खटाटोप करावा, इतक्या त्या महत्त्वाच्या आहेत. पासवर्ड विसरला, फोन हरवला, खातं चोरीला गेलं, तर गूगल याच दोन पत्त्यांवर विचारणा करतं.

तिथे काय काय सापडतं! दुकानदाराचा नंबर. लग्नाआधीचा, माहेरचा नंबर. ऑफर संपली म्हणून टाकून दिलेलं सिम. हे सगळ्यात धोक्याचं, कारण रिचार्ज न केलेला नंबर बंद होतो आणि किमान ९० दिवस गेले की कंपनी तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचा कोड कुणा अनोळखी माणसाच्या फोनवर जातो. त्याच्या मनात काही वाईट नसेलही, पण कोड तर त्याच्याकडे गेला.

रिकव्हरी फोन स्वतःचा आणि रोज वापरातला ठेवा. रिकव्हरी ईमेल घरातल्या विश्वासाच्या माणसाचा द्या: नवऱ्याचा, बायकोचा, मुलीचा. नंबर बदलल्यावर जुन्या नंबरवर आठवडाभर कोड जाण्याची शक्यता गूगल मोकळी ठेवतं, तेव्हा जुनं सिम हातात असतानाच हे काम उरका.

परदेशी गेलेल्यांनी इथे थोडं थांबावं. न्यू जर्सीत किंवा दुबईत राहणाऱ्या मुलाचं भारतातलं सिम ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, रिचार्ज संपतो, नंबर जातो आणि दोन वर्षांनी लक्षात येतं की रिकव्हरी अजून त्याच नंबरावर आहे. तिकडचा नंबर घालाच. आणि आईवडिलांच्या खात्याला फक्त स्वतःचा परदेशी नंबर जोडून ठेवू नका. इकडे दुपारी कोड लागला तर न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून गेलेली असते.

२. पासवर्ड: लांब हवा, अवघड नको

गणपती, साई, मुलाचं नाव आणि पुढे जन्मसाल, गाडीचा नंबर. आपल्याकडचे पासवर्ड याच चौकटीत फिरतात आणि चोरांनाही ते ठाऊक आहे. मधे एक अ‍ॅटचं चिन्ह घातल्याने काही फरक पडत नाही.

एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. सुपारी, ट्रॅक्टर, मोगरा, चष्मा. (हेच घेऊ नका, आता ते छापून आलं.) वीस-पंचवीस अक्षरं सहज होतात, लक्षात राहतात आणि कॉम्प्युटरने अंदाज बांधायला महाकठीण असतात. मराठी शब्द असले तर आणखी चांगलं.

हा पासवर्ड दुसरीकडे कुठेही वापरायचा नाही. एखाद्या छोट्या शॉपिंग साइटचा डेटा फुटला की चोर त्यातले ईमेल आणि पासवर्ड उचलून थेट जीमेलवर लावून बघतात. आपला पत्ता अशा फुटलेल्या यादीत आहे का हे 'हॅव आय बीन पॉन्ड' या संकेतस्थळावर फुकट बघता येतं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ते २०१३ मध्ये सुरू केलं. तिथे फक्त ईमेल पत्ता टाका. तुमचं नाव यादीत निघालं तर घाबरू नका, बहुतेकांचं निघतं. त्या त्या ठिकाणचा पासवर्ड बदलला की झालं.

दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदला, हा सल्ला आता सोडून द्या. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या एनआयएसटी या संस्थेनेच २०१७ च्या नियमावलीत, ठरावीक मुदतीने लोकांना पासवर्ड बदलायला लावू नका, असं सांगितलं. कारण साधं आहे: माणसं शेवटचा आकडा १ चा २ करतात आणि पुढे जातात. फुटल्याचा संशय आला की बदला, एरवी नाही.

आणि लिहून ठेवायचा का? माझं स्पष्ट मत आहे, ठेवा. वहीत, कपाटात, सोनंनाणं जिथे ठेवता तिथे. हजार किलोमीटरवर बसलेला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज, गॅलरीतला फोटो, 'पासवर्ड' नावाने सेव्ह केलेला कॉन्टॅक्ट, हे मात्र तातडीने काढून टाका.

३. दुसरं कुलूप: टू-स्टेप व्हेरिफिकेशन

याच सुरक्षेच्या पानावर 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा. मराठीत '२ टप्पी पडताळणी'. म्हणजे पासवर्ड कळला तरी दुसरी खूण दिल्याशिवाय कुणी आत येत नाही. ही दुसरी खूण कोणती ठेवायची, यावर जरा विचार करायला हवा.

एसएमएसने येणारा कोड सगळ्यात सोपा आणि काहीच नसण्यापेक्षा कितीतरी चांगला. पण तो नंबरवर अवलंबून असतो आणि नंबर पळवता येतो. चोर खोटी कागदपत्रं देऊन तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढतो, तुमच्या फोनची रेंज अचानक जाते आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. हे प्रकार वाढले म्हणूनच ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक संस्थेने, १ जुलै २०२४ पासून नियम केला की सिम बदलल्यावर सात दिवस तो नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येणार नाही. आजूबाजूला सगळ्यांना रेंज आहे आणि फक्त तुमचीच तासभर गेली, तर फोन बंद-चालू करत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला लगेच विचारा.

दुसरा प्रकार गूगल प्रॉम्प्ट. स्क्रीनवर प्रश्न येतो, तुम्हीच साइन इन करताय का? आपण काहीच उघडत नसताना हा प्रश्न आला तर 'नाही' दाबायचं. काही चोर रात्री दहा वेळा प्रश्न पाठवतात, माणूस कंटाळून 'हो' दाबेल या आशेवर.

तिसरा, आणि मी नवख्यांना हाच सुचवते, तो म्हणजे पासकी. गूगलने मे २०२३ मध्ये तो सगळ्यांसाठी आणला. अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढचा फोन, आयफोन असेल तर आयओएस १६ किंवा पुढचं, एवढं पुरतं. एकदा पासकी केली की पुढे बोटाच्या ठशाने किंवा फोनच्या पिनने आत जाता येतं. ठसा गूगलकडे जात नाही, फोनमध्येच राहतो. याची खरी ताकद अशी की पासकी फक्त खऱ्या पत्त्यावरच चालते. हुबेहूब गूगलसारखं दिसणारं खोटं पान समोर आलं तर माणूस फसेल, पण पासकी तिथे उमटणारच नाही. म्हातारपणी नजर कमी झालेल्यांसाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही.

अट एकच, फोनचा पिन नीट हवा. चार वेळा शून्य किंवा जन्मसाल चालणार नाही, आणि तो घरातल्या शाळकरी नातवाला माहीत असेल तर आजच बदला.

आता कागद पुढे घ्या. त्याच पानावर 'बॅकअप कोड' मिळतात: आठ आकडी दहा कोड, प्रत्येक एकदाच चालणारा. ते लिहून वहीत ठेवा. फोन पाण्यात पडला, लोकलमध्ये मारला गेला, तर हे कोड खात्यात परत नेतात. ही पायरी सगळेच टाळतात आणि फोन हरवल्यावर सगळ्यांनाच तिची आठवण होते. स्क्रीनशॉट काढून त्याच फोनमध्ये ठेवण्यात काही अर्थ नाही, फोनच गेला तर फोटोही गेला.

४. आत आधीच कुणी बसलंय का?

'युवर डिव्हायसेस' ही यादी उघडा. तुमचं खातं कुठल्या कुठल्या फोनवर आणि कॉम्प्युटरवर चालू आहे ते दिसतं. विकलेला जुना फोन, ऑफिसचा लॅपटॉप आणि बहुतेकदा एखाद्या सायबर कॅफेचा विंडोज कॉम्प्युटर. जे ओळखू येत नाही त्यावर साइन आउट दाबा. चुकून स्वतःच्याच टीव्हीतून बाहेर पडलात तर पुन्हा आत जाता येतं.

सायबर कॅफे आणि सेतू केंद्राबद्दल सविस्तर सांगायला हवं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटी, एमपीएससी, पोलीस भरती, या सगळ्यांचे अर्ज तालुक्याच्या गावी कॅफेतच भरले जातात. घाईत दोन गोष्टी होतात. एक, मुलगा तिथल्या कॉम्प्युटरवर आपलं जीमेल उघडून ओटीपी बघतो आणि तसाच उठून जातो. दुसरी जास्त वाईट: स्वतःचा मेल आठवत नाही म्हणून अर्जात कॅफेवाल्याचाच मेल टाकला जातो. कॅफेवाला भला माणूस असेल, पण पुढच्या वर्षी हॉल तिकिटाचा मेल त्याच्या शेकडो मेलमध्ये हरवतो, आणि पासवर्ड बदलायचा तर पुन्हा त्याच्याच दारात उभं राहावं लागतं. पालकांना माझी कळकळीची विनंती आहे, दहावीनंतर मुलांचं स्वतःचं खातं असू द्या आणि ओटीपी आपल्या फोनवर बघून तोंडी सांगा. तिथे लॉगिन करावंच लागलं तर इन्कॉग्निटो विंडो (बंद केली की लॉगिन मागे न ठेवणारी ब्राउझरची खिडकी) उघडायला सांगा, आणि घरी आल्यावर वरच्या यादीतून तो कॉम्प्युटर काढा.

आता कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. हे काम फोनच्या अ‍ॅपमध्ये नीट होत नाही. सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर्स' हे दोन भाग बघा. चोर एकदा आत आला की पासवर्ड बदलतोच असं नाही. कधी तो गुपचूप एक फिल्टर लावून जातो: बँकेचा मेल आला की थेट कचऱ्यात टाक आणि एक प्रत माझ्याकडे पाठव. तुम्ही नंतर पासवर्ड बदललात तरी हा फिल्टर तसाच राहतो आणि इशारे तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. ओळखीचा नसलेला पत्ता किंवा फिल्टर दिसला की उडवा.

५. खोटा मेल ओळखायचा कसा

ईमेलची मूळ पद्धत १९८२ साली ठरली तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख तपासायची सोयच त्यात नव्हती. नंतर तपासण्या आल्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या झाल्या. पण नाव अजूनही कुणी काहीही टाकू शकतं. 'आयकर विभाग' असं मोठ्या अक्षरात दिसलं म्हणून मेल आयकर विभागाचा होत नाही.

एक मेल जवळून बघू. विषय: 'तुमचा परतावा मंजूर, २४ तासांत खातं पडताळा'. वर राजमुद्रा. खाली निळं बटण. फोनवर पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'टू मी' असं असतं, त्यावर बोट ठेवा. पूर्ण पत्ता उघडतो. अ‍ॅटच्या चिन्हानंतरचा भाग वाचा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. 'इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-केवायसी डॉट कॉम' असा पत्ता असेल तर मालक शेवटचा, म्हणजे 'रिफंड-केवायसी डॉट कॉम'. त्याच्या आधीचं सगळं सजावट. सरकारी पत्ता 'गव्ह डॉट इन' वर संपतो, मधे कुठेतरी 'गव्ह' येऊन भागत नाही. निळ्या बटणावर बोट दाबून धरलं तर लिंकचा खरा पत्ता दिसतो, तोही असाच वाचायचा.

बँकांसाठी आता एक चांगली खूण मिळाली आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यायला सांगितलं. हे पत्ते हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते आणि ते फक्त बँकांनाच मिळतात.

अडचण अशी की आयकर विभाग खरे मेलही पाठवतो. विवरणपत्र तपासून झाल्याची कलम १४३(१) खालची सूचना पीडीएफमध्ये येते आणि पॅन व जन्मतारीख जोडून ती उघडते. मग खरं-खोटं ठरवत बसायचं का? बसू नका. मेलमधल्या बटणावरून जायचंच नाही. ब्राउझर उघडून आयकराच्या पोर्टलवर आपल्या हाताने जा. परतावा मंजूर असेल तर तिथेही दिसेल. बँक, वीजबिल, कुरिअर, एलआयसी, सगळ्यांना हाच नियम लावा.

घाई हीच खोट्या मेलची मुख्य खूण. आज रात्री वीज तोडू, २४ तासांत खातं बंद, शेवटची संधी. आणि 'डॉट एपीके' ने संपणारी फाइल, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की आरटीओचं चलान म्हणून, उघडायची नाही. पत्रिका कधीच एपीके नसते. ते अ‍ॅप असतं आणि बसलं की तुमचे एसएमएस वाचतं.

६. खातं गेलंच तर

पहिला तास महत्त्वाचा. गूगलचा कस्टमर केअर नंबर सर्च करून फोन लावू नका. फुकट जीमेलचं खातं फोनवरून परत मिळवून देणारं कॉल सेंटर गूगलने ठेवलेलं नाही, आणि जो नंबर सापडतो तो बहुधा दुसऱ्या चोराचा असतो. तो एनीडेस्क, म्हणजे तुमचा फोन दुरून चालवू देणारं अ‍ॅप, टाकायला सांगेल. टाकू नका.

ज्या फोनवरून आणि ज्या घरातल्या वाय-फायवरून नेहमी मेल बघता, तिथूनच गूगलच्या अकाउंट रिकव्हरी पानावर जा. ओळखीचं उपकरण आणि ओळखीची जागा गूगल जमेस धरतं. आत गेल्यावर क्रम असा: पासवर्ड बदला, अनोळखी उपकरणं काढा, रिकव्हरी नंबर आणि ईमेल तपासा, मग फिल्टर. त्यानंतर बँकेत कळवा.

पैसे गेले असतील तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले जाऊ शकतात, म्हणून मिनिटं मोजायची. बँकेला लेखी कळवायलाही उशीर नको. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी आपणच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून लाजेखातर दोन दिवस गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. घरात कुणी फसलं तर आधी ओरडू नका, आधी फोन लावा.

७. आपल्यानंतर

हा भाग फार कुणी सांगत नाही, पण घरात माणूस गेल्यावर त्याची गरज कळते. वडिलांचा फोन लॉक, मेल बंद, आणि विम्याचे कागद त्यातच. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय २०१३ पासून आहे. खातं ३, ६, १२ किंवा १८ महिने वापरात नसेल तर कुणाला कळवायचं आणि मेल, फोटो यांतलं काय त्यांच्या हाती द्यायचं, हे तुम्ही आत्ताच ठरवू शकता. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. एरवी दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, तसा नियम डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. म्हणजे फोटोही गेले.

त्यात ज्याचं नाव द्याल त्याचा चालू मोबाइल नंबरही घाला, कारण ओळख पटवायचा कोड त्याच नंबरवर जाईल. आणि त्याला आजच तसं सांगून ठेवा. पुढे कधी गूगलचा तो मेल आला, तर वरचे नियम पाळून तो खोटा समजून उडवायला नको.